पाठ फिरवून उभे राहिलात, त्याबद्दल

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे घालत नाही. सरकारी नोकरी, त्यात ग्रामीण रुग्णालय. कुणी कौतुक केलं तरी माणूस उगाच डोळ्यावर येतो. वाचलंत तर तुमचं तुम्हाला कळेल. नाही कळलं तरी चालेल, कारण माझ्यासारखे ढीगभर काका तुमच्या खोलीतून गेले असतील आणि त्यांच्याशीही तुम्ही असेच वागला असाल, याची मला खात्री आहे.

रक्ताचा रिपोर्ट चांगला आल्याचं तुम्ही सांगितलंत, मी बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसलो आणि मला रडू फुटलं. शेजारी कुत्रं चावलं म्हणून इंजेक्शनला आलेलं एक पोरगं होतं, ते आपलं दुखणं विसरून माझ्याकडे बघत राहिलं. घरी हिला सांगितलं तर म्हणाली, "मग रडायचं काय त्यात? पेढे आणायचे." बरोबर आहे तिचं. रिपोर्टचं बरं वाटलंच, पण त्याच्या आत आणखी एक गोष्ट होती, ती काही तिला नीट सांगता आली नाही. म्हणून हे पत्र.

माझं पंचावन्न वय. सगळी नोकरी एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये केली. दरवर्षी आमचं मेडिकल व्हायचं, म्हणजे कँटीनची टेबलं ओढून घ्यायची, शिफ्टची माणसं रांगेत उभी करायची, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा आवळायचा आणि मागून सुपरवायझर ओरडायचा, "चला रे, लाइन थांबलीय." बीपी सगळ्यांचं १२०/८०. वेल्डरचं १२०/८०, वॉचमनचं १२०/८०, आणि ज्याला पुढे दिवाळीच्या आत लकवा मारला त्याचंही १२०/८०. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ च्या, देशातल्या पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत २४ टक्क्यांना उच्च रक्तदाब निघाला. म्हणजे चौघांत एक. आमच्या कँटीनमध्ये मात्र अख्खा कारखाना ठणठणीत!

त्याच फॉर्मवर खाली एक ओळ असायची. फॅमिली हिस्टरी. तिच्यापुढे दरवर्षी 'निल' छापून यायचं. डॉक्टर, माझा सख्खा थोरला भाऊ प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखालच्या ग्रंथीच्या, कॅन्सरने गेला. पाठ दुखते, पाठ दुखते म्हणायचा आणि आम्ही महिनोन् महिने त्याला तेल चोळत होतो, मणक्याचा माणूस म्हणून कुणाकुणाकडे नेत होतो. फोटो काढला तेव्हा ते हाडांत उतरलेलं होतं. हा दादा माझ्या कागदावर 'निल' होता. विचारलं असतं तर सांगितलं असतं ना! एक प्रश्न होता. तेवढाही वेळ कुणाला नव्हता.

मग पोराने हौसेने फुल बॉडी चेकअपचं पॅकेज घेतलं. सकाळी उपाशीपोटी एक मुलगा मोटरसायकलवर आला, ओट्यावर बसवून रक्त घेतलं, बाटली घेऊन गेला. संध्याकाळी मोबाइलवर रंगीत रिपोर्ट, हिरवे-लाल बाण, भरपूर पानं. व्हिटॅमिन इतकं, लोह इतकं, कसलंकसलं काय काय. एवढे आकडे आले, पण माझ्या अंगाला सुईशिवाय कुणाचा हात लागला नाही. रात्री किती वेळा उठता, धार कशी आहे, हे त्या बाणांना कुठून कळणार?

आणि मुद्दाम या लघवीच्या त्रासासाठीच गावातल्या एका दवाखान्यात गेलो होतो, तिथली गंमत तर सांगायलाच हवी. काउंटरवरच्या मुलीने भरल्या हॉलमध्ये विचारलं, "काय होतंय? लघवीचं? थेंब थेंब होते का?" समोर माझ्या पुतणीच्या सासरची माणसं बसलेली. मी म्हणालो, "नाही हो, गुडघा." आत जाऊन गुडघ्याची गोळी घेतली आणि बाहेर आलो. त्या मुलीला दोष देत नाही. तिला कुणी शिकवलंच नसेल. पण ज्याचा दवाखाना त्याने तिथे एक खुर्ची आडोशाला टाकायला काय हरकत होती?

आता तुमच्याकडे येतो.

तुमच्याकडे आलो तो अंग गळाठलंय एवढंच सांगत. तुम्ही बीपी घ्यायच्या आधी म्हणालात, "काका, लघवीला जाऊन या. तुंबलेली असली तर बीपी वर दिसतं. आणि आलात की पाच मिनिटं नुसतं टेका, माझ्याशी बोलूसुद्धा नका." मी गेलो आणि यायला वेळ लागला. तुम्ही घड्याळाकडे बघितलंत आणि काही बोलला नाहीत. नंतर बीपी घेतलं, १५८/९६, ते वहीत लिहिलं आणि मान खालीच ठेवून हळू विचारलंत, "रात्री उठावं लागतं का?" इतक्या हळू की दारातल्या माणसालाही गेलं नसेल. मी हो म्हणालो. मग घरात कुणाला, म्हणून विचारलंत. दादाचं सगळं तिथे बाहेर पडलं.

दारातल्या पोराला तुम्ही चहाला पाठवलंत, कडी लावलीत, खिडकीच्या तुटक्या काचेवर चादर अडकवलीत. चादर दोनदा खाली आली, तिसऱ्यांदा तुम्ही ती सलाइनच्या स्टँडने दाबलीत. मला म्हणालात, "बोटाने मागून तपासावं लागेल. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. नको असेल तर नको म्हणा, मी रागावणार नाही, दुसऱ्या वाटेने बघू." मला आयुष्यात 'नको म्हणा' असं कुठल्याही दवाखान्यात कुणी म्हणालं नव्हतं. म्हणूनच हो म्हणालो असेन. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, तोंड भिंतीकडे. प्रत्येक गोष्ट आधी सांगत होतात. आता हात लागेल. आता गार लागेल. आता श्वास सोडा. झालं.

त्यात काही नाही, डॉक्टर. आम्हा पुरुषांना त्या तपासणीची जेवढी धास्ती असते, त्यापुढे ती काहीच नाही. खरी पंचाईत नंतरची. पायजमा गुडघ्यावर, नाडीची गाठ बसलेली, बोटं थरथरतायत आणि आपण एका परक्या तरुण माणसासमोर, आपल्या पोराच्या वयाच्या, असे उभे. तुम्ही माझ्या हातात कापूस दिलात आणि पाठ फिरवलीत. भिंतीवर लसीकरणाचा तक्ता होता, त्याच्याकडे तोंड करून उभे राहिलात. गाठ सुटेना. तुम्हाला कळलं असणार, कारण तुम्ही तक्त्याकडे बघतच म्हणालात, "काका, यंदा तुमच्याकडे घेवडा कसा आलाय?"

मी घेवड्याचं सांगू लागलो. वाघ्या घेवडा, आमच्या कोरेगाव भागाचा, पाऊस काढणीला आला की काय होतं ते सगळं. सांगता सांगता गाठ सुटली, नाडी बांधली, सदरा खाली केला. "झालं," म्हणालो. तेव्हाच तुम्ही वळलात.

हे एवढंच. घरातल्यांना यात सांगण्यासारखं काय आहे ते कळत नाही. पोरगा म्हणाला, "बाबा, डॉक्टरला काय, रोजचंच असतं त्यांना." त्यांना रोजचं असेल रे, पण मला नव्हतं! हे ज्याला उमगलं, तो माणूस भिंतीकडे बघत उभा राहिला. लहानपणी आमच्या पेठेत एक म्हातारे शिंपी होते, पँटच्या आतल्या मापाला टेप लावायच्या आधी "घेऊ का माप?" म्हणायचे आणि नजर टेपच्या आकड्यावरच ठेवायचे, वर बघायचे नाहीत. तुम्ही त्यांच्या पंगतीतले.

तरुणपणी एका भरतीला गेलो होतो. आम्ही पोरं नुसत्या चड्डीवर ओळीने उभी, एकेकाला पुढे घेऊन "खोक" म्हणायचे, आणि बाजूला उभे असलेले दोघे-तिघे हसायचे. आमच्यातला एक पोरगा पार पिळवटून गेला होता. त्याला म्हणाले, "पोरगी आहेस का लाजायला?" तिथून जे डोक्यात बसतं ते पुढे तीस-तीस वर्षं निघत नाही. मग सगळे म्हणतात पुरुष तपासणीला येत नाहीत, अंगावर काढतात, हट्टी असतात. असतील काही. बाकीच्यांना विचारून बघा, कुणी त्यांना कधी कडी लावून दिली होती का ते.

हे मी हिच्यासमोर बोललो तर फटकन म्हणाली, "आणि आम्हाला काय मखमलीचे पडदे लागले होते? थोरल्याच्या वेळी एका खोलीत तिघी ओरडत होतो, आणि झाडूवाली मधून ये-जा करत होती." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचं पत्र वेगळं, ते तिने लिहावं. पुष्कळ लांब होईल.

सरकारने मात्र एक गोष्ट केली, ते म्हटलं पाहिजे. २०२२ च्या नवरात्रात बायकांसाठी 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' झालं आणि २०२३ च्या सप्टेंबरात अठरा वर्षांवरच्या पुरुषांसाठी 'निरोगी आरोग्य तरुणाईचे, वैभव महाराष्ट्राचे' ही मोहीम निघाली. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. चांगलंच आहे. पण फलक लावून माणूस फार तर दारापर्यंत येतो. आतल्या खोलीत कोण बसलंय, त्यावर तो परत येणार की नाही ते ठरतं. बँकेतला आमचा कॅशियरही तुमच्यासारखाच आहे. म्हाताऱ्या बाईची पेन्शन मोजून देताना आकडा मोठ्याने पुकारत नाही, चिठ्ठीवर लिहून काचेखालून सरकवतो. असल्या माणसांना बक्षिसं मिळत नाहीत. त्यांच्या वार्षिक अहवालात यासाठी रकानाच नसतो.

माझं निघालं काय, तर प्रोस्टेट वाढलेलं, पण मऊ आणि गुळगुळीत, गाठ नाही. तुम्ही सांगितलंत की पन्नाशीनंतर हे निम्म्या पुरुषांत असतं आणि याला कॅन्सर म्हणत नाहीत. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं एक प्रथिन, किती आहे ते बघायचं का, यावरही तुम्ही मला बसवून बोललात. "साध्या वाढीनेही तो आकडा चढतो, सगळ्यांनी सरसकट करायची ही तपासणी नव्हे, पण सख्ख्या भावाला कॅन्सर होता म्हणून तुम्हाला धोका जवळजवळ दुप्पट, तेव्हा आपण करू या." 'आपण' म्हणालात. पॅकेजवाल्याने मला न विचारता इतक्या तपासण्या केल्या आणि तुम्ही एका तपासणीसाठी माझी परवानगी घेतलीत.

रात्रीची गोळी चालू आहे. उठताना आधी पलंगावर बसायचं, मग उभं राहायचं, नाहीतर चक्कर येईल, हेही लक्षात ठेवलंय. बीपीची सकाळची. मीठ कमी केलंय, म्हणजे हिने केलंय, मी फक्त कुरकुर करतो. आता रात्री एकदाच उठतो आणि एकदा उठल्यावर झोप लागते. तुमच्या वयाला हे सुख कळायचं नाही.

दादाच्या दोन्ही पोरांना सांगून ठेवलंय. थोरला आता कुठे चाळिशीला टेकलाय. त्याला आत्ताच काही करायचं नाही, वेळ आली की बघू, असं तुम्ही म्हणाला होतात, तेच त्याला सांगितलं. पण कुणी फॅमिली हिस्टरी विचारली नाही तर स्वतःहून सांगायची, आजोबांचं, बापाचं, सगळ्यांचं, हेही बजावलंय.

आणि एक काम आहे. येत्या सोमवारी माझा मेव्हणा येईल, उंच, टोपीवाला. त्याला बीपी बघायला म्हणून पाठवतोय, पण तुम्ही त्याला तोंड उघडायला लावून आत नीट बघा. डाव्या गालात आतून पांढरा चट्टा आहे, बहिणीने मला सांगितलं. तंबाखू विचारलीत तर "कधीतरी, एखादी चिमूट" म्हणेल. त्यावर विश्वास ठेवू नका, दिवसाला तीन पुड्या धरा. मी सांगितलं म्हणू नका. आणि तो जरा जोरात बोलतो, तेव्हा कडी आधी लावा.

आपला,
घेवडावाले काका