अलास्काच्या संघांशी खेळणार कोण?

महोदय,

अमेरिकी कॉलेज आइस हॉकीत 2021 मध्ये सात संघांनी डब्ल्यूसीएचए ही लीग सोडून सीसीएचए ही जुनी लीग पुन्हा उभी केली. अलास्काच्या फेअरबँक्स व अँकरेज इथले दोन विद्यापीठ संघ मात्र लीगविना वाऱ्यावर राहिले; प्रतिस्पर्धी त्यांना स्वतःच शोधावे लागतात. खरी अडचण जानेवारी-फेब्रुवारीत. मोसमाला 34 सामन्यांची मर्यादा, त्यातले साधारण 22-26 आपापल्या लीगचेच, तेही शुक्रवार-शनिवार जोडीने. लीगबाहेरच्या संघांसाठी तारखा उरतात त्या ऑक्टोबरात, फार तर नाताळच्या आसपास. अलास्कात खेळलेले सामने मर्यादेत धरत नाहीत, ही सवलत चांगलीच. पण दोन सामन्यांसाठी अख्खा संघ, गोलकीपरच्या पॅडांसकट, विमानाने न्यायचा, तर खर्च आणि बुडालेले वर्गाचे तास कोण भरून देणार? शिवाय लीग नाही म्हणजे 16 संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेशही नाही. निदान प्रत्येक लीगने दरवर्षी आपल्या एका संघाचा फेब्रुवारीतला एक वीकेंड अलास्कासाठी राखून ठेवावा.

– एक हॉकीप्रेमी वाचक