मिरच्या कुठे आहेत?

संपादक महोदय,

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात टिपलेला माझा एक कृष्णधवल फोटो मध्यंतरी प्रदर्शनात लागला होता. बहुतेक जण 'मस्त' म्हणून पुढे सरकले. एका आजोबांनी मात्र चष्मा वर करून विचारले, "बाय, मिरच्या कुठे आहेत गो?" खरेच! केळीच्या पानावरच्या लालभडक मिरच्या पानाच्याच करड्या छटेत विरून गेल्या होत्या. राग आला, खोटे कशाला सांगू. घरी येऊन मूळ रंगीत फाइल पुन्हा कृष्णधवल करताना लाल रंग उजळ करणारा लाल फिल्टर लावून पाहिला. मिरच्या उजळल्या, पान काळवंडले. चूक दाखवावी ती अशी, बोट ठेवून. आपण पुरवणीत वाचकांचे फोटो छापता, त्यांखाली जाणकाराच्या दोन ओळीही द्याल का? सुरुवात माझ्यापासून केलीत तरी चालेल.

– एक वाचक, म्हापसा