ऊसतोड मजुरांसाठी वैद्यकीय विद्यार्थ्यांचे दवाखाने हवेत, पण भागीदारीतून

महोदय,

गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या सांगली-सातारा भागात येतात आणि गावाबाहेर कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, घालून पुढचे काही महिने काढतात. याच भागात मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे, कराड आणि सांगलीतही वैद्यकीय शिक्षणाची सोय आहे. तरीही कोपीपर्यंत जे पोहोचते, ते बहुधा एका दिवसाचे शिबिर असते.

अमेरिकेत वैद्यकीय विद्यार्थी नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोफत दवाखाने चालवतात. चर्च, बेघरांचे निवारे अशा स्थानिक संस्था त्यांना सोबत करतात, कारण विद्यार्थी शिकून निघून जातात, संस्था मात्र तिथेच राहतात. असे दवाखाने इथेही हवेत. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांनी कुटुंबे दत्तक घेण्याची, म्हणजे त्यांच्या आरोग्याकडे नियमित लक्ष देण्याची, तरतूद आहे. त्यात ही स्थलांतरित कुटुंबेही यावीत.

भागीदार कोण, हा मात्र नाजूक प्रश्न आहे. कारखान्याने जागा व वाहन द्यावे, ग्रामपंचायतीने पाणी व वीज द्यावी, प्राथमिक आरोग्य केंद्राने औषधे आणि पुढील उपचारांची जबाबदारी घ्यावी. टोळी आणणाऱ्या मुकादमाला विश्वासात घ्यावेच लागेल, पण सारा कारभार त्याच्या हाती देऊ नये. ज्याच्याकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली आहे, त्याच्यासमोर कोणती बाई अंगावरून जाण्याचा त्रास सांगेल? बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला होता, हे विसरता येत नाही. म्हणून टोळीतल्याच एक-दोन बायकांना रक्तदाब मोजायला, गरोदरपणातील धोक्याची लक्षणे ओळखायला शिकवावे. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून गावातल्या, अनेकदा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. ते काम आपल्याच राज्यातले आहे.

वेळही मजुरांच्या सोयीने ठरावी. तोडणी पहाटेच सुरू होते, त्यामुळे सकाळी दहाचा दवाखाना त्यांच्या कामाचा नाही. तपासणीची नोंद मजुराच्या हाती द्यावी, म्हणजे हंगाम संपल्यावर क्षयरोगाचे किंवा रक्तदाबाचे उपचार त्याला गावाकडच्या केंद्रात सुरू ठेवता येतील.

जिल्हाधिकाऱ्यांनी पुढील हंगामापूर्वी महाविद्यालये, कारखाने आणि जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग यांची एकत्र बैठक घ्यावी आणि तिला टोळीतल्या महिलांनाही बोलवावे, ही विनंती.

– एक नागरिक, मिरज