पेटी उघडली नाहीस, असे लिहिलेस म्हणून

नाशिक

प्रिय अरुण,
सप्रेम नमस्कार.

दोन महिने हार्मोनियमची पेटी उघडलेली नाही आणि पहाटे तीनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही, एवढे लिहून तू लगेच मुलीच्या दहावीकडे वळलास. मला मात्र त्या ओळीच्या पुढे जाता आले नाही, कारण तीन वर्षांपूर्वी माझे नेमके हेच झाले होते आणि ते मी तुलाही कळू दिले नव्हते.

त्या मोसमात कार्यक्रमांच्या लागोपाठ सुपाऱ्या होत्या, एका आयोजकाने चार कार्यक्रमांची बिदागी बुडवली होती, आणि रात्री दोनला घरी येऊन सकाळी शिकवण्या घेण्याचा क्रम महिनोन्महिने चालला होता. पुढे तबला उतरलेला कानाला कळे, पण हातोडी उचलून तो चढवावासा वाटेना. खोळीवर बसलेली धूळ मी रोज पाहत असे आणि ती झटकतही नसे. आपल्याकडे याला कलावंताचा मूड म्हणतात आणि जागरण तर धंद्याचाच भाग मानतात, त्यामुळे हा मनाचा आजार आहे हे ध्यानात यायला मला सात महिने लागले. दुःखाने कला खुलते या समजुतीचा मला आता राग येतो, कारण त्या सात महिन्यांत माझ्या हातून तबल्याचा एक कायदा धड वाजला नाही.

शेवटी बायकोनेच एका रात्री टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर फोन लावून माझ्या हातात दिला. केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची ही सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. ती चोवीस तास आणि विनामूल्य आहे, आणि मराठीत बोलता येते. त्यानंतर मी सिव्हिलमध्ये केसपेपर काढून मानसोपचाराच्या रांगेत बसलो, तर दोन माणसे सोडून ऑर्केस्ट्रातला ओळखीचा कीबोर्डवाला बसलेला. आधी दोघांनीही माना फिरवल्या. मग तोच उठून दोन चहा घेऊन आला.

डॉक्टरांना मी पहिला प्रश्न हाताचा विचारला, आणि तुझ्याही मनात बोटांचीच भीती असणार. गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात, हात थरथरल्यास मात्रा किंवा गोळी बदलता येते, पण ती आपल्या मनाने बंद करायची नाही, हे त्यांनी मला शांतपणे समजावले. दुसऱ्या महिन्यात मी पुन्हा रियाजाला बसलो.

पैशाच्या ओढाताणीची तू लाज धरली आहेस, हे पत्रातून कळते. अरे, 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन करणाऱ्या विष्णु दिगंबर पलुस्करांची मुंबईची वास्तूसुद्धा कर्जापायी लिलावात गेली, आणि पुढे ते आमच्या नाशिकला येऊन राहिले. मेडिक्लेमचे कागद काढून ठेव. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपनीला मानसिक आजारही शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो.

आता आम्ही पाच वादक सोमवारी संध्याकाळी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, चहाला जमतो आणि सुपारीचे बोलणे निघण्याआधी एकमेकांना झोपेचे विचारतो. असे विचारणारे तिकडे तुला कोणी नाही, याचीच मला अधिक काळजी वाटते.

जीव नकोसा झाल्याचा विचार मनात येतो का, हे मी तुला सरळ विचारतो आहे. येत असेल तर माझी वाट पाहू नकोस; आजच वहिनींना सांग आणि त्या 14416 क्रमांकावर फोन कर. नसेल, तरी गुरुवारी सकाळी मी पंचवटी एक्स्प्रेसने कल्याणला उतरतो आहे. डॉक्टरांची वेळ त्याच दिवसाची घेऊन ठेव, मी सोबत येतो.

तुझा,
दिनू