नागिणीची टोके जुळत नाहीत

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

आई, गेल्या रविवारी तुझ्या पाठीला मलम लावत असताना तू हळूच विचारलेस, "अजून किती उरलंय गं?" डाव्या कमरेवरचे फोड मणक्यापासून निघून पोटाकडे वळले होते, आणि नागिणीचे तोंड व शेपूट जुळले की माणूस वाचत नाही असे कुणीतरी सांगितल्यामुळे तू रोज रात्री दोन्ही टोकांमधले अंतर बोटांनी मोजत होतीस. त्याच भीतीपोटी तू चार दिवस काव लावून दुखणे लपवलेस, याचे मला फार वाईट वाटते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. बाबांनी तुला वाचून दाखवावे.

तू नऊ वर्षांची असताना माहेरी, खानापूरला, तुला कांजिण्या आल्या होत्या आणि आजीने अंथरुणावर कडुलिंबाचा पाला पसरला होता. त्या कांजिण्यांचा आणि या नागिणीचा विषाणू एकच आहे. तेव्हा तो श्वासावाटे आत आला आणि पेशींमध्ये शिरला. विषाणूला स्वतःहून वाढता येत नाही. पेशीची यंत्रणा ताब्यात घेऊन तो तिच्याकडूनच आपल्या प्रती काढून घेतो. पेशीही मुकाट्याने हे सोसत नाही. ती इंटरफेरॉन नावाचे रसायन सोडून शेजारच्या पेशींना सावध करते आणि विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडते. ते ओळखून टी पेशी, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, तिला नष्ट करतात, तर बी पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींपासून तयार झालेली प्रतिपिंडे बाहेर मोकळ्या असलेल्या विषाणूंना जखडतात. अंगावर पहिला फोड दिसण्याआधी साधारण दोन आठवडे हे सारे आतल्या आत चाललेले असते. तू बरी झालीस, आणि या टी व बी पेशींपैकी काही ती ओळख जपून मागे राहिल्या, म्हणून कांजिण्या पुन्हा आल्या नाहीत.

काही विषाणू मात्र मज्जातंतूंमधून मागे सरकत मणक्यालगतच्या मज्जापेशींच्या गाठींत जाऊन बसले आणि तिथे सुमारे 60 वर्षे निपचित राहिले. वयाबरोबर टी पेशींचा पहारा सैल पडतो. मग एखाद्या गाठीतला विषाणू जागा होऊन त्याच तंतूवाटे त्वचेकडे परततो. फोड येण्याआधी दोन दिवस तुला नुसती आग होत होती, ती त्या तंतूच्या सुजेमुळे. असा प्रत्येक तंतू शरीराच्या एकाच बाजूचा एक पट्टा सांभाळतो, म्हणूनच तुझ्या फोडांची रांग बेंबीच्या अलीकडे दोन बोटांवर थांबली. ज्यांची प्रतिकारशक्ती फारच खालावलेली असते त्यांच्यात नागीण क्वचित इतरत्र पसरते, पण तेव्हाही धोका टोके जुळण्याचा नसतो.

हा विषाणू शरीरातच दडून राहून परततो, हे इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर या गावातले डॉक्टर एडगर होप-सिम्पसन यांनी 1965 मध्ये आपल्या रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून मांडले. गावात दवाखाना चालवता चालवता त्यांनी हे केले, याचे मला फार अप्रूप वाटते.

बाबा, तुम्ही रोज टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत फिरायला जाता. तिथे एके काळी देवीची लस तयार होत असे, आणि त्या लसीचा वण तुमच्या दंडावर अजून आहे. देवीचा विषाणू बऱ्या झालेल्या माणसात असा दडून राहत नसे; 1980 साली जग देवीमुक्त जाहीर करता आले, त्यामागे हेही एक मोठे कारण होते. कांजिण्यांचे तसे नाही, कारण तुमच्या पिढीतल्या बहुतेकांच्या मणक्याशी तो विषाणू आजही आहे.

या विषाणूला रोखणाऱ्या गोळ्या फोड आल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केल्या तर सर्वांत उपयोगी पडतात. तुला उशीर झाला, तरी नवे फोड येत होते म्हणून डॉक्टरांनी त्या दिल्या आहेत. दिवसातून पाच वेळा, पूर्ण सात दिवस घे. आग कमी झाली म्हणून मध्येच सोडू नकोस. फोडांवर खपली धरेपर्यंत बाळाला मांडीवर घेऊ नकोस. त्याला अजून कांजिण्यांची लस मिळालेली नाही, आणि फोडांतल्या पाण्यातून त्याला नागीण नव्हे, पण कांजिण्या होऊ शकतात.

नागिणीवर पन्नाशीनंतर घ्यायची लस आहे; तिचे दोन डोस दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने घेतात. बाबा, कांजिण्या तुम्हालाही येऊन गेल्या आहेत. दिवाळीला येईन तेव्हा तुमचा पहिला डोस घेऊ, आणि आईला कधी द्यायचा ते तिच्या डॉक्टरांना विचारू. तोवर आईने रात्री अंतर मोजणे थांबवावे, आणि दुखले की लगेच मला फोन करावा, कितीही वाजलेले असोत.

तुमची लेक