बांधावरची बोराटी पेटवण्याआधी

महोदय,

स. न. वि. वि.

टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून आमच्या आटपाडी भागात डाळिंबाच्या नव्या बागा उभ्या राहताहेत, याचा मला आनंदच आहे. पण बाग धरायची म्हटलं की आधी जेसीबी येतो आणि बांधावरची बोराटी (रानबोरीची काटेरी झुडपं), तरवड मुळासकट निघते. या वैशाखात आमच्या भावकीत तेच झालं. झुडपं पेटवली आणि पंधरा दिवसांनी त्याच रानात मायकोरायझाची, म्हणजे मुळांत राहून झाडाला मदत करणाऱ्या बुरशीची, विकतची पाकिटं खड्ड्यांत घातली. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलंय. जीव तुटला.

ही बुरशी बोराटीच्या मुळांत मुळातच नांदत असते. माझ्या विद्यार्थिनींनी एकदा बोराटीची कोवळी मुळं पोटॅशियम हायड्रॉक्साइडात तापवून, व्हिनेगरमध्ये कालवलेल्या शाईत रंगवली होती. सूक्ष्मदर्शकाखाली मुळाच्या आत निळे धागे आणि गोल फुगे स्वच्छ दिसले. हे धागे मूळरोमांपेक्षाही बारीक. मूळ शिरत नाही तिथून ते स्फुरद (फॉस्फरस) ओढून आणतात, बदल्यात झाड त्यांना साखर देतं. आपल्या चुनखडीच्या रानात स्फुरद चुन्याला धरून बसतं, म्हणून इथे त्यांचं मोल जास्त. स्फुरदाचं खत भरमसाट टाकलं तर मात्र ही बुरशी मुळांत कमी होते.

माती बांधून ठेवण्यातही या धाग्यांचा वाटा असतो. बोराटीच्या बुडचं एक सुकं ढेकूळ आणि उघड्या रानातलं एक, अशी दोन्ही गाळणीत ठेवून पाण्यात बुडवून बघा. आम्ही केलं तेव्हा रानातलं बघता बघता विरघळलं, बोराटीखालचं टिकलं. पाला, सावली, वाऱ्याने अडलेली धूळ, सगळंच तिथे साचतं म्हणा. थरच्या वाळवंटातले शेतकरी खेजडी (म्हणजे आपली शमी) आणि झाडबेर (रानबोरीचं झुडूप) शेतातच राखतात, मधल्या जागेत बाजरी पेरतात.

कृषी सहायकांना माझी विनंती आहे की, बागेची आखणी करतानाच बांधावरची थोडी झुडपं राखायला सांगावं. काढायचीच असतील तर पेटवण्याआधी बुडाची वीतभर माती बारीक मुळांसकट नव्या खड्ड्यांत घालावी. शेजारच्या बागेत मर रोग किंवा मुळं पोखरणारे सूत्रकृमी असतील, तर तिथली माती मात्र आणू नये.

आमच्या वाटणीच्या बांधावर अजून तीन बोराट्या आहेत. कुणाला मुळं बघायची असतील तर सूक्ष्मदर्शक माझ्या घरी आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
आटपाडी, जि. सांगली