आदल्या रात्रीच्या क्लिपचे काय?

महोदय,

डीपफेकवरील, म्हणजे एआयने बनवलेल्या हुबेहूब खोट्या आवाज-चित्रांवरील, कालचा अग्रलेख वाचला. निवडणूक आयोगाने त्यांविरुद्ध कडक पावले उचलल्याचे त्यात म्हटले आहे. ती आमच्या गावापर्यंत आलेली नाहीत.

डिसेंबर २०२५ मध्ये आमच्याकडे नगरपालिकेची निवडणूक झाली. मतदानाच्या आदल्या रात्री वॉर्डाच्या ग्रुपवर आमच्या अपक्ष उमेदवार ताईंच्या आवाजात क्लिप आली, ‘मी बसते आहे, माझी मते अमक्यांना द्या.’ आवाज हुबेहूब. फक्त एरवी ‘मावशी, येऊ का?’ म्हणत घरात शिरणाऱ्या ताई त्यात ‘मतदार बंधू-भगिनींनो’ म्हणत होत्या. माघारीची मुदत कधीच संपली होती, यंत्रावर त्यांचे नाव कायम होते. पण हे किती जणांना ठाऊक असते? ताईंना घेऊन आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. ‘सायबरकडे ऑनलाइन तक्रार करा.’ निवडणूक कार्यालयात गेलो. ‘अर्ज ठेवून जा, सकाळी साहेब आले की बघू.’ सकाळी साडेसातला तर मतदान सुरू! केंद्राच्या रांगेत सासूबाईंनी मलाच विचारले, ‘ती बसली ना गं? मग मत कुणाला द्यायचं?’

ताई पडल्या. क्लिपमुळेच पडल्या असे मी म्हणत नाही. पण त्यांच्या तोंडी खोटे घालणारा अजून मोकळा आहे.

केंद्रीय आयोगाच्या ऑक्टोबर २०२५ च्या आदेशाचे आपण कौतुक केले आहे. चित्रफितीवर दहा टक्के जागेत ‘एआयने बनवलेले’ असे ठसठशीत लेबल, ध्वनिफितीत पहिल्या दहा टक्के वेळेत तशी सूचना, खोटे लक्षात आल्यापासून तीन तासांत काढणे. हे बंधन पक्षांवर आणि उमेदवारांवर आहे. निनावी नंबरवरून आलेली क्लिप तीन तासांत कोण काढणार? शिवाय नगरपालिकेची निवडणूक घेतो राज्य निवडणूक आयोग, केंद्रीय नव्हे. १९ नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेच्या मतदानाच्या आदल्याच दिवशी, सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या नावाने, निवडणुकीसाठी बिटकॉइनचा पैसा वापरल्याच्या ध्वनिफिती फिरल्या. दोघांनीही इन्कार केला, सुळे यांनी तक्रारही केली; पण दुसऱ्या दिवशी मतदान होऊन गेले. एवढ्या मोठ्या नेत्यांची ही गत, तर वॉर्डातल्या अपक्ष बाईंना कोण विचारतो? मतदानाच्या आदल्या रात्री रात्रभर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात निर्णय घेऊ शकणारा माणूस बसवा आणि त्याच रात्री वॉर्डात भोंगा फिरवून अधिकृत खुलासा करा, एवढेच मागणे आहे.

आणि लेबलाचा विषय आपणच काढलात म्हणून लिहिते. मतदानाच्याच आठवड्यात आपल्या पहिल्या पानावर बातमीच्याच टायपात एका उमेदवाराची जाहिरात होती. कोपऱ्यातला ‘जाहिरात’ हा बारीक शब्द सासूबाईंना दिसलाच नाही. त्यांनी ती बातमी म्हणूनच वाचली. तो शब्द निदान मथळ्याएवढा छापावा.

आपली नियमित वाचक,
(नाव विनंतीवरून वगळले आहे)
जि. सातारा